ताईला कशाचीच किळस नव्हती

गोदाताई गेल्याचं पत्र खिशात ठेवून मी लग्नाच्या पंगतीत तीनदा बुंदी वाढून घेतली. मयताच्या कार्डाचा फाडतात तसा पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला होता. असं कार्ड आलं की माणूस ते उभ्याउभ्या वाचतो, फाडून टाकतो आणि आंघोळीला जातो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पंगत बसायची वेळ झाली होती. पोस्टाच्या थैलीत फाटलं असेल असं म्हणून मी ते न वाचताच सदऱ्याच्या खिशात सारलं, आणि वर बुंदी वाढणाऱ्याला "इकडे पाहा जरा" अशी हाकही मारली. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला काढताना कार्ड बायकोच्या हाती लागलं. तिनं ते वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. ताईच्या नावावर पाकाचं बोट उमटलं होतं... माझंच. त्याची शिसारी सव्वा महिना झाला तरी जात नाही.

गोदाताई माझी चुलत बहीण, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिला शाळेत उशिरा घातलं म्हणून आम्ही एका वर्गात होतो. आसेगावात तिचं आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकून. त्या काळी आमच्याकडे नारू फार. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत आणि तेच पाणी पीत. मग वर्षभरानं पायाला फोड येई, फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर डोकावे. ओढताना तो तुटला तर पाय सडायचा. म्हणून आगकाडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा, पुन्हा चिंधी बांधायची, पुन्हा उद्या. देवी टोचायला येणाऱ्या माणसाकडून ताईनं हे एकदा पाहिलं आणि तेराव्या वर्षी आमचा सालदार गणपत याच्या पायातला नारू स्वतः काढायला घेतला. मी पाण्याचं घमेलं धरून होतो. काडीनं एक वेढा घेतला, दुसरा घेतला आणि मी घमेल्यातच ओकलो.

"बंड्या, नारू त्याच्या पायात हाये, तुह्या पोटात नाही," ताई मान वर न करता म्हणाली. "हालू नोको, तुटन."

गणपत बाजेवरून उठायला लागला. "लहाने मालक, तुमीच निजा इथं. मी धरतो घमेलं."

ताईनं तोंडाला पदर लावला. हसू आलं की ती असंच करायची. एरवी पू, रक्त, गुरांच्या खुरातल्या अळ्या, कशानंही तिच्या कपाळाला आठी पडत नसे.

तरीही डॉक्टर मी होणार, असं घरात ठरलेलं होतं. कारण मला चष्मा होता. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, आम्ही दोघं मॅट्रिक झालो, आणि ताईनं तिच्या वडिलांपुढे, म्हणजे काकांपुढे, नागपूरच्या कॉलेजाचा विषय काढला. काका सरळ माणूस. म्हणाले, "डाक्टर होत असशीन तं जाय. मी नाही म्हनत नाही. पन नुसतं शिकाले जायचं असन, तं मानोऱ्याचं स्थळ वाट पाहून राह्यलं." ताईला एकच संधी होती, आणि काय शिकावं लागतं हे पाहून यायला नागपूरला पाठवलं कोणाला? मला.

पुढची हकीगत मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या मुलांना ती पाठ आहे. मी कॉलेजचं माहितीपत्रक घेतलं, गाडीत बसलो, पहिलं पान वाचलं आणि झोपलो. झोपेत माहितीपत्रक गाडीतच राहिलं. जऊळक्याला उतरलो तेव्हा हातात फक्त पिशवी, डोक्यात फक्त पहिलं पान. घरी सगळे वाट पाहत बसलेले. मी चष्मा पुसून सांगितलं, "मुलींले होम सायन्स. त्यात आरोग्यशास्त्र हाये, शरीरशास्त्र हाये, आजाऱ्याची शुश्रूषा हाये. पुढे मेडिकल."

"बायॉलॉजी नाही लागत?" ताईनं विचारलं.

"आरोग्य म्हनजे आरोग्यच ना? मंग आनखी कायले लागते?"

"लिवलं हाये तसं?"

"हो तं."

काकांना विषयाचं नाव आवडलं. ज्यात आरोग्य शिकवतात त्यातूनच डॉक्टर निघणार, हे आमच्या सगळ्या घराला दोन अधिक दोन इतकं सोपं वाटलं. ताईनं होम सायन्स घेतलं, मी बायॉलॉजी. दोन वर्षांनी पहिल्या वर्गाचे गुण घेऊन ती मेडिकलच्या खिडकीशी उभी राहिली, तर आतल्या कारकुनानं अर्ज पुरता उलटलाही नाही. बायॉलॉजी नाही, मग काय पाहायचं? काकांनी शब्द पाळला होता, आता ताईनं पाळला. त्याच उन्हाळ्यात ती मानोऱ्याला नांदायला गेली. तोवर माझंही आटोपलं होतं. चार टाचण्यांवर उताणा पसरलेला बेडूक आणि तो औषधाचा वास... पहिल्या प्रॅक्टिकलला ओकायला बाहेर धावलो तो मी दारापर्यंतही पोचलो नाही. तिसऱ्या महिन्यात आर्ट्सला बदली करून घेतली आणि पुढे मास्तर झालो. "एका पानाच्या आळसापायी घरातले दोन डॉक्टर वाचले," असा मी शेवट करायचो. सगळे खो खो हसायचे. स्वयंपाकघराच्या दारात बसलेली ताई पदर तोंडाला लावायची.

मानोऱ्याला तिच्या ओसरीवर आसपासच्या तांड्यांवरच्या बाया येत. दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी गेलेली माणसं उन्हाळ्यात परतत, ती जखमा घेऊनच. ताई काडी, चिंधी आणि गरम पाणी घेऊन बसायची. मी एकदा तिथे चहा पीत होतो. समोरच्या बाईच्या घोट्यातून काय निघत होतं ते मी लिहीत नाही, रविवारी लोक वर्तमानपत्राची ही पुरवणी न्याहारीच्या वेळी वाचतात. मी कप तसाच ठेवून अंगणात गेलो. ताई त्या बाईला म्हणत होती, "ह्या मास्तरचं मनावर नोको घेऊ वो माय. पानी मातर गाळूनच पेजो. फडकं दुहेरी पाह्यजे." मग हात धुऊन माझाच राहिलेला चहा तिनं पिऊन टाकला.

तेरावीला मानोऱ्याला गेलो. सुनेनं ताईची पेटी उघडली. वर गाळायची धुतलेली फडकी, आगकाड्यांची डबी आणि तळाशी एक पिवळं पडलेलं माहितीपत्रक. सून म्हणाली, "मामाजी, ह्याच्यावर तुमचं नाव हाये. घेऊन जा." आतल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि घडीवर नखाची रेघ होती. तशी रेघ मारायची सवय माझी. दुमडलेल्या पानावर लिहिलं होतं की मेडिकलला जाणाऱ्यांनी इंटर सायन्सला बायॉलॉजी घेणं सक्तीचं आहे.

तेव्हा आता लिहितोच. मी गाडीत झोपलो नव्हतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, ते पान तर दोनदा. मग मला डोळ्यांपुढे दिसलं की कॉलेजात प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलाशी ताई उभी आहे, तिचा बेडूक नीट उघडला आहे आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाहतो आहे. जऊळक्याला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. माहितीपत्रक मी माळ्यावर जुन्या वह्यांत खुपसलं. लग्नानंतरच्या कुठल्याशा दिवाळीला माहेरी आली तेव्हा आमचा माळा झाडताना तिला ते सापडलं असणार. तिनं मला कधी विचारलं नाही. आणि मी तिच्यासमोर ती गोष्ट रंगवून सांगत राहिलो, तीस वर्षं, दर सणाला... बुंदीच्या वेळी आली ती शिसारी फारच उशिरा आली म्हणायची.

घरी आलो तेव्हा बायको माठाच्या तोंडावर फडकं बांधत होती. दुहेरी, ताईनं शिकवलं तसं. मी माहितीपत्रक तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मग मीच म्हणालो, "पण तिनं मनात ठेवलं नसेल. मी गोष्ट सांगायला लागलो की पदर लावून हसायची, तू पाहिलंस ना?"

बायकोनं फडक्याची गाठ आवळली.

"हासत नवत्या त्या," ती म्हणाली. "मी बाजूलेच बसो ना. त्यायले तुमची किळस यायची."