साम्राज्यासाठी घेतलेली रजा

पुरुष कॉम्प्युटरवर खेळत बसला की लोक म्हणतात, ‘असू दे, दारू तर पीत नाही ना!’ माझ्या बाबतीत असं कोणी म्हटलं नाही. सासूबाईंनी सोसायटीतल्या बायकांना सांगितलं, ‘आमची सून गेम खेळते,’ आणि घरातलं माणूस तुरुंगात गेल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. राग अजून आहे, फक्त तो आता त्यांच्या एकट्यांवर राहिलेला नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. तिथे गाड्यांचे पार्ट बनतात. कोणत्या लाइनवर कोणता पार्ट, किती माणसं लावायची, किती नग काढायचे, हे मी ठरवते. निदान कागदावर तरी मीच ठरवते. तीन वर्षांपूर्वी विभागाला नवे साहेब आले, आणि सकाळी सातला मी लावलेला प्लॅन आठ वाजता एका फोनवर मोडायला लागला. गिऱ्हाइकाचा फोन साहेबांना, साहेबांचा सुपरवायझरला, आणि मला कळायचं ते जेवणाच्या सुट्टीत. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये मात्र प्रश्न मला. ‘मॅडम, तुमचा प्लॅन का चुकला?’ समोर दहा-बारा पुरुष आणि त्यांच्यात मी एकटी. ‘माझा प्लॅन चाललाच कुठे?’ हे ओठांवर आलेलं वाक्य मी किती वेळा गिळलं असेल, सांगता येणार नाही.

त्याच दिवसांत एका रविवारी नवऱ्यानं लॅपटॉपवर त्याच्या कॉलेजच्या काळातला एक खेळ काढला. ‘बघ, तुझ्याच कामाचा आहे,’ म्हणाला. सुरुवातीला एक ओसाड नकाशा, एक टोळी, हातात भाला घेतलेला एक माणूस. नदीकाठी गाव वसवायचं, शेती करायची, लिहिणं शोधायचं, मग चाक, मग लोखंड. हजारो वर्षं पुढे सरकत जायचं आणि गावाचं साम्राज्य करायचं. आपली खेळी झाली की कोपऱ्यातलं बटण दाबायचं, काही वर्षं पुढे जातात आणि पुन्हा आपली पाळी येते. नवरा तासभर खेळला, कंटाळला आणि भाजी आणायला गेला. तो परत आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत होते.

मला काय झालं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, खोटं कशाला बोलू? तिथे मी सांगितलं की होत होतं. धान्याचं कोठार पाच पाळ्यांत बांधून होईल असं लिहून आलं, तर ते पाचव्या पाळीला होत होतं. कोणाचा मधेच फोन येत नव्हता.

आणि तो खेळ बनवणारे काही साधे लोक नाहीत. कोठार पाच पाळ्यांनी होणार, तर जहाज दोन पाळ्यांनी बंदरात पोहोचणार, भिंत तीन पाळ्यांनी पुरी होणार. सगळं एकाच वेळी कधीच संपत नाही. जहाज पोहोचलं म्हणून उठावं तर भिंतीला एकच पाळी उरलेली. उठायला जागाच ठेवलेली नाही. मी स्वतः प्लॅनिंगवाली. माणसं आणि मशीन रिकामी राहू नयेत म्हणून कामं एकात एक कशी अडकवायची, हे मला पाठ आहे. कोणीतरी तेच माझ्यावर केलेलं होतं आणि ते दिसत असूनही मी बटण दाबत होते.

मी पहिल्या शिफ्टला असते. कंपनीच्या बसनं पावणेपाचला रहाटणीत उतरायचं, चहा टाकायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, असा माझा क्रम. मुलगी दुसरीत होती. चहा गार व्हायला लागला. मुलगी वही घेऊन शेजारी उभी राहायची आणि मी म्हणायचे, ‘एवढं शहर घेते ग, मग बसू.’ एकदा तिनं विचारलं, ‘तुला ते शहर कशाला पाहिजे?’ मी तिच्यावर खेकसले.

नवऱ्यानं लॅपटॉपला पासवर्ड घातला. लहान मुलांच्या हाती पडू नयेत म्हणून औषधं वर ठेवतात, तसं. त्याच्या मित्रांच्या घरी नवरे क्रिकेटच्या टीम लावत तासन्‌तास मोबाइलवर असतात, त्यांना कोण कुलूप घालतं? मी चिडले. मुलीच्या वाढदिवसाची तारीख होती, दोन मिनिटांत उघडलं आणि त्या दिवशी हट्टानं जास्त खेळले.

मग मी कंपनीत ताप आल्याचं कळवून रजा टाकली. शेजारच्या राज्याशी लढाई ऐन रंगात होती. घरी सासूबाईंनाही अंग दुखतंय म्हणाले आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंना खरंच काळजी वाटली असावी, कारण त्यांनी माझ्या माहेरी फोन केला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दार उघडलं आणि बाबा आत आले.

बाबा काळेवाडीत राहतात. मराठवाड्यातून विशीत आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या, हातोड्यावर तीस वर्षं राबले. एका कानानं अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे बोलतात मोठ्यानं. उन्हातून चालत आले होते. हातात स्टीलचा डबा.

‘आईनं हुलग्याचं माडगं दिलंय. गरम हाय तवर पी,’ म्हणाले. मग माझ्याकडे आणि मग लॅपटॉपकडे बघितलं. ‘हे काय करायलीस?’

मी लॅपटॉप मिटायला हवा होता. मी तो त्यांच्याकडे वळवला. तीन दिवसांत माझं साम्राज्य कोणी पाहिलेलं नव्हतं. शहरं दाखवली, बंदर दाखवलं, बांधायला काढलेला मोठा मनोरा दाखवला.

‘बांधतंय कोण?’ त्यांनी विचारलं.

‘लोक. गुलाम.’

‘किती दिवस लागतील?’

‘आठ पाळ्या. पण घाई असली तर हे बटण आहे.’ मी दाबून दाखवलं. मनोरा उभा राहिला. शहराच्या नावाशेजारी लोकसंख्येचा आकडा सहा होता, तो चार झाला.

‘दोन कुठं गेले?’

‘मेले. म्हणजे वापरले. धान्य असलं की परत वाढतात.’

बाबा डबा टेबलावर ठेवून पलंगाच्या कडेला बसले. मग हात पुढे करून माझ्या कपाळाला लावला.

‘ताप न्हाई तुला.’

‘नाही.’

‘मग कंपनीला काय सांगितलंस?’

मी स्क्रीनकडे बघितलं.

‘आमी तापात हातोड्यावर उभं ऱ्हायलो ग. आजारपणाची रजा म्हणून मिळंना. त्या रजेपायी संप केला, दीड महिना गेटबाहेर बसलो, तुझी आई पोटुशी होती. ती रजा तू ह्याच्यासाठी घेतलीस?’

आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा नव्हता. पण दार उघडं होतं, सासूबाई हॉलमध्ये होत्या. मला इतकी लाज वाटली की मी भडकले. ‘माझी रजा आहे, मी कशालाही घेईन! तुम्हाला काय कळतंय यातलं? आठ तास मी तिथे कोणाची कोण नसते. घरी येऊन जरा काही आपल्या मनासारखं केलं तर सगळे चौकशीला उभे!’

ते उठले. ‘डबा धुवून ठीव, पोरीच्या हातनं पाठव,’ एवढंच म्हणाले आणि गेले.

आता जे सांगते ते मी पुष्कळ दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबा जिना उतरले असतील नसतील, मी लॅपटॉप ओढला आणि आणखी दोन तास खेळले. लढाई जिंकले. स्क्रीनवर ढोल वाजले. माडगं डब्यात घट्ट होऊन बसलं.

त्या दोन तासांचा राग मला सगळ्यात जास्त येतो. माझा येतो आणि ज्यांनी तो खेळ असा विणला त्यांचाही येतो. बाप उन्हात परत चालला असताना मुलीला खुर्चीतून उठू न देणारी गोष्ट कोणीतरी पगार घेऊन, डोकं लावून बनवलेली असते. आणि वर म्हणायचं काय, तर यानं इतिहास कळतो!

रविवारी मी काळेवाडीला गेले. आईनं नेहमीसारखं जेवायला वाढलं. बाबा पेपर वाचत होते. ‘चुकले मी,’ मी म्हटलं. त्यांनी बहिरा कान माझ्याकडे केला होता की काय कोण जाणे, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. ‘जेव,’ म्हणाले. त्याहून जास्त काही मिळालं नाही.

त्याच दिवशी खेळ काढून टाकला. पंधरा दिवसांनी परत घेतला. पुन्हा काढला, पुन्हा घेतला. शेवटी नवऱ्याला म्हटलं, पासवर्ड नको, लॅपटॉपच ऑफिसात ठेवून ये. पुढचे सहा महिने मी घरात चिडचिडी होते. संध्याकाळी पाच वाजले की बोटं कशाला तरी शोधत राहायची.

हे सगळं निवत आलं होतं तेव्हा कंपनीत ते ॲप आलं.

कामगारांचा उत्साह वाढावा म्हणून, असं साहेब म्हणाले. प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर ॲप. नग वेळेत निघाले की तारे मिळणार. तारे साठले की शिपायाचा हवालदार, हवालदाराचा सरदार, सरदाराचा सुभेदार. सलग तीस दिवस हजेरी लावली तर चित्रावर मुकुट, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर. ‘आपल्या मातीतला इतिहास, मॅडम, माणसं पेटून उठतील,’ साहेब खुशीत होते. ज्यांना वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलंय, ज्यांना कायम करायचं नाव काढत नाहीत, त्यांना मोबाइलवर सरदारकी!  मला ते सगळं ओळखीचं होतं.

महिन्याभरात असेंब्ली लाइनवरची एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिशीची असेल, कंत्राटावर. ‘मॅडम, उद्या पोरीच्या शाळेत बोलावलंय, वाचन येत नाही म्हणून. रजा टाकू का?’

‘टाक की. विचारतेस काय?’

‘माझे चोवीस दिवस झालेत,’ ती म्हणाली. ‘सहाच ऱ्हायलेत. गेले तर सगळे जातील.’

‘जाऊ देत. मुकुटानं काय होतं? पगार वाढतो का?’

‘नाही,’ ती हसली. ‘पण एवढे केलेत ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लाइनवर गेले. ती तिच्या जागेवर होती. शाळेत शेजारीण गेली होती.

शनिवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी ॲपचे आकडे दाखवले. गैरहजेरी खाली आली म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. ‘सर, हे बंद करा. ही गैरहजेरी कमी झालेली नाही, माणसं अडकलीत.’

‘मॅडम, खेळ आहे तो. मजा म्हणून. तुम्ही फार सीरियसली घेताय,’ साहेब म्हणाले. कोणीतरी पुटपुटलं, ‘बायकांना गेममधलं काय कळतंय राव!’

मग मी सांगितलं. त्या दहा-बारा पुरुषांपुढे सांगितलं की खोटा ताप सांगून मी तीन दिवस रजा घेतली होती, आणि ती एका खेळातल्या लढाईसाठी घेतली होती. अकरा वर्षं नोकरी केलेली, शिकलेली बाई मी, पोरीची वही बाजूला सारत होते. उठता येत नाही असाच खेळ बनवलेला असतो. ‘तुम्ही तो कामगारांच्या खिशात घातलात, आणि त्यातनं सुटायचं म्हटलं तर त्यांची नोकरी आड येते.’

 एक जण हसला, मग बाकीचे. साहेब म्हणाले, ‘ती रजा आम्ही विसरतो, मॅडम. पुढचा विषय.’

संध्याकाळी बसमधून उतरून घरी न जाता मी सरळ काळेवाडी गाठली. बाबांना सगळं सांगितलं. रागानं आवाज इतका चढला होता की त्यांना सगळं ऐकू गेलं असावं.

‘रजेचं पण सांगितलंस?’

‘सांगितलं.’

‘हसले असतील.’

‘हसले.’

‘हसू दे. लिहून दे त्यांना. तोंडानं बोललेलं कंपनी इसरती. अर्ज दे, आन्‌ पोच घे.’ मग आईला हाक मारली, ‘चहा टाक ग, हिला कागद पण दे.’

त्यांच्यासमोर बसून मी अर्ज लिहिला. ‘कृपा करून’ हे शब्द त्यांनी खोडायला लावले. सोमवारी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. मला कोणी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी हजेरीचा मुकुट ॲपमधून गुपचूप गेला. का गेला, कोणी सांगितलं नाही, आणि माझ्या अर्जामुळे गेला असं मी म्हणणार नाही. तारे आहेत. सरदार, सुभेदार आहेत. कॅन्टीनमध्ये मला पाठीमागून ‘गेमवाली मॅडम’ म्हणतात, ते माझ्या कानावर येतं.

मी दुसरा अर्ज लिहायला घेतलाय.