बॉनेटवरचे तीन ठिपके

मुलांनो, मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, पोर्चमधली गाडी कुठे गेली?" मी "विकली" एवढंच म्हणाले आणि तुम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलात. गोष्ट तेवढीच नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आजोबा गेल्यावर त्यांची पांढरी गाडी पोर्चमध्ये तशीच उभी राहिली. मी चालवायला कधी शिकले नाही. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले की वाटायचं, आता आतून किल्ल्यांचा आवाज येईल आणि मागून कुणी म्हणेल, "सरक गं, उशीर होतोय." मी खरोखरच सरकून बसायची. एकदा शेजारणीने कुंपणापलीकडून विचारलं, "कुणासाठी जागा करताय?" त्या दिवसापासून मी चहा स्वयंपाकघरात प्यायला लागले. स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसता येऊ नये, हे मला सहन होईना. गाडी गेली की हे थांबेल, असं मनाशी ठरवलं.

बार्शीच्या एका शाळेतल्या तरुण बाई गाडी घ्यायला तयार झाल्या. इंजिन उत्तम होतं. पण उन्हाने रंग इतका मेला होता की छतावरून हात फिरवला तर खडूची भुकटी लागावी तसा पांढरा व्हायचा. बाई हसून म्हणाल्या, "काकू, घेते, पण रंग करून द्या. अशीच शाळेत नेली तर पोरी डस्टर घेऊन पुसायला येतील."

मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये जुना रंग पत्र्यापर्यंत काढून सगळं नव्याने करायचे साठ हजार सांगितले. गाडीचे तरी तेवढे कुठे येणार होते? भवानी पेठेतल्या एका पेंटरने वीस सांगितले. माणूस तोंडाचा गोड.

"जुना रंग घासून वरनं दोन हात मारतो की, काकू. शोरूमवाला पण वळखणार न्हाय."

"टिकेल ना?"

"टिकेल म्हंजे? गाडी जाईल, रंग ऱ्हाईल."

त्याची शेड टॉवेल विणायच्या यंत्रमागांना लागून होती, त्यामुळे माग बंद असतील त्याच दिवशी तो रंग मारायचा. "एरवी ओल्या रंगावर कापूस बसतो," तो म्हणाला, "मग गाडीला टॉवेल नेसवल्यासारखं दिसतं." अशा तीन सुट्ट्या गेल्या आणि गाडी परत आली. जवळून पाहिलं तर दारांवर बारीक पुरळ होतं, खिडकीच्या रबरावर रंगाचे ओघळ होते. फाटकातून मात्र ती नवी दिसत होती. बाई परीक्षा संपल्यावर येणार होत्या.

एप्रिलचं ऊन तापलं तेव्हा बॉनेटवर गुलाबी छटा दिसू लागली. आधी वाटलं, बोगनवेलीची सावली आहे. ऊन सरकलं, छटा तिथेच राहिली. दोन दिवसांनी तिला आकार आला, आणि तो आकार मी ओळखला.

दर दसऱ्याला आजोबा बॉनेटवर स्वस्तिक काढायचे. पुसलं जाऊ नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवायचे. "अहो, रंगात उतरेल ते," मी दरवर्षी म्हणायची. "उतरू दे की, गाडी माझी आहे," ते दरवर्षी म्हणायचे. ठिपके मात्र तीनच द्यायचे आणि बाजूला व्हायचे. चौथा माझा. मी तो कोरड्या कुंकवाने लावायची, संध्याकाळपर्यंत वाऱ्यावर उडून जायचा.

आता नव्या रंगातून तेच स्वस्तिक वर आलं होतं. डावीकडचा हात जरासा आखूड, जसा त्यांचा नेहमी यायचा. आणि तीन ठिपके. चौथ्याची जागा कोरी होती. मी तिथे बोट टेकवलं तर चटका बसला. पत्रा तापला होता.

पेंटर आला, वाकून त्याने नखाने खरवडलं. "तेलात मुरलेलं कुंकू हाय, काकू. वरनं कितीबी मारा, ऊन लागलं की येणार."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुटं दिसत होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "देवाचं हाय. ऱ्हाऊ द्या की."

"बाईंना कोरी गाडी कबूल केली आहे."

"मग बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडतो. पैसे नकोत."

"पुन्हा वर नाही ना येणार?"

"न्हाय. पत्र्यात काय मुरत न्हाय."

माग बंद असण्याच्या दिवसाला अवकाश होता. तोवर रोज सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसले. सरकून बसले. शेजारीण पाहत असेल, याचा विचार केला नाही.

ठरल्या दिवशी तो गाडी घेऊन गेला आणि मी रिक्षाने मागोमाग गेले. माग बंद, त्यामुळे शेडमध्ये फक्त पॉलिश पेपरची खरखर होती. मला वाटलं होतं, घासत जाईल तसं स्वस्तिक फिकट होईल. झालं उलट. वरचा पांढरा थर निघाला आणि खालच्या जुन्या रंगात ते आणखी लाल दिसू लागलं, सकाळीच काढल्यासारखं. बाकी सगळं निघालं तेव्हा पेंटर थांबला. तीन ठिपके उरले होते.

"काकू, काढू?"

"काढा," मी म्हणाले.

बाई येऊन गाडी घेऊन गेल्या. आता मी सकाळी पायरीच्या मधोमध बसते. किल्ल्यांचा आवाज येत नाही. ठरवलं होतं तसंच झालं. तरी कप घेऊन बसताना हात आपोआप पदर सावरतो आणि मी एका बाजूला होते. मग लक्षात येतं आणि परत मध्ये येते.

दसऱ्याला बाईंनी फोटो पाठवला. झेंडूचा हार घातलेली गाडी, बॉनेटवर रेखीव स्वस्तिक, दोन्ही बाजू सारख्या. मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. चारही ठिपके जागच्या जागी होते.

मी लिहिलं, "छान दिसते आहे. कुंकू तेलात कालवलंत का?"

लगेच उत्तर आलं. "नाही काकू, पाण्यात. तेलाने रंग खराब होतो ना."