निळ्या पेन्सिलीचं ‘हळू’ कुणाचं

शाळा सातवीतच सुटली, पण अक्षर असं देखणं की दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता तिच्याकडे संगीताचे कागद येऊ लागले. संगीतकार मास्तरांनी खरडलेलं स्वरलेखन साफ उतरवून द्यायचं, हे काम ती अकरा वर्षं करत होती. सगळे तिला सुवाच्यताई म्हणत. स्वरलेखन तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार चुका केल्या, आठ शिव्या खाल्ल्या, बारा परत दिल्या आणि आलं.

मास्तरांचे कच्चे कागद म्हणजे भांडणाचा पंचनामा. ते काळ्या शाईत रचत, त्यांची व्हायोलिनवाली वाजवून बघे, आणि मग टेबलावरच्या एकुलत्या एका निळ्या पेन्सिलीने दोघं आळीपाळीने कागदावर तुटून पडत. ‘इथे बोट पोचत नाही.’ खाली, ‘पोचव.’ त्याखाली, ‘मग तूच वाजव.’ बोट पोचावं म्हणून बदललेली ओळच शेवटी लोकांच्या तोंडी बसायची.

एका सकाळी मास्तरांनी सुवाच्यताईपुढे कागदांचा गठ्ठा आणि खोडरबर ठेवलं. "ग्रंथालयाला माझी हस्तलिखितं हवीत. व्हायोलिनवालीच्या खुणा तेवढ्या पुसून टाक, माझ्या राहू दे."

"का?"

"का म्हणजे? रचना माझी आहे."

सुवाच्यताईचं डोकं सटकलं. एकदा पुसलं की व्हायोलिनवालीची इतक्या वर्षांची मेहनत गडप. पुढे कुणी विचारलं तर ती बिचारी दाखवणार काय? तिने रबर परत सरकवलं. "असली कामं मी करत नाही. तुमचं तुम्ही पुसा."

मास्तर तणतणत बसले आणि पहिल्याच पानावर अडले. "हे ‘हळू’ माझं की तिचं?"

"मला काय विचारता? रचना तुमची आहे ना?"

"तुला अक्षर ओळखता येतं."

"येतं की. सांगणार नाही."

दुपारपर्यंत एकही खूण पुसली गेली नाही. शेवटी मास्तरांनी व्हायोलिनवालीलाच बोलावलं. तिने पान डोळ्यांजवळ धरलं. "हे तुझंच. मी कशाला हळू म्हणेन? मी काय थकलेय?"

"माझं असतं तर ‘सावकाश’ असतं."

"पण हे आत्ता कशाला शोधतोयस?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"सांगा की, मास्तर," सुवाच्यताई म्हणाली.

त्यांनी सांगितलं, तेही अगदी पुटपुटत. व्हायोलिनवालीने पान खाली ठेवलं. "पूस. मग वाजवणार कोण, तेही ग्रंथालयालाच विचार."

मग मास्तरांनी ग्रंथालयाचा फॉर्म ओढला आणि ‘रचनाकार’ या चौकटीत आपलं नाव लिहायला घेतलं.

"एवढं ऐसपैस लिहिलंत तर ह्यांचं नाव मावणार कुठे?" सुवाच्यताईने विचारलं.

"मग तूच लिही, बाई."

तिने कोरा फॉर्म घेतला, दोन्ही नावं एका मापात बसवली. कुणाचं आधी आलं यावरून त्या दोघांची पुन्हा जुंपली, तोवर सुवाच्यताई फॉर्म आणि न पुसलेले कागद पाकिटात घालून, ते चिकटवून जिना उतरलीसुद्धा.