वाचून दाखवा

"ती कमेंट काढाले काऊन लावू? लिहिणाऱ्याचं नाव तरी दिसते ना," टेलरकाकू मला म्हणाल्या.

सिंदी मेघेतल्या या काकू ओठांत टाचण्या धरून बोलतात. बोलणं महत्त्वाचं असेल, तरच टाचण्या काढतात. गल्लीतल्या तुंबलेल्या नालीचा व्हिडिओ त्यांनी टाकला, तर शेजारच्याच एका काकांनी खाली त्यांना घाणेरडी शिवी लिहिली. मी गुपचूप ॲपकडे तक्रार केली. उत्तर आलं, यात नियमभंग नाही. आमची वऱ्हाडी शिवी तिथे कुणाला कळणार! माझ्याबद्दल कुणी असं लिहिलं असतं, तर मी अकाउंटच बंद केलं असतं.

तेवढ्यात तेच काका बायकोचा ब्लाउज न्यायला आले. काकूंनी टाचण्या काढल्या आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"भाऊ, तुम्ही लिहिलं ते जरा वाचून दाखवा. मले चष्म्याबिगर दिसत नाई."

चष्मा काकूंच्या नाकावरच होता.

"सोडा ना बाई," काका हसले. "बोलाचं स्वातंत्र्य सगळ्याईलेच हाये."

"हाये ना. म्हणूनच म्हणते, बोला."

आवाज जराही चढला नव्हता. फोन त्यांनी तसाच पुढे धरला होता. काका माझ्याकडे वळले.

"बेटा, तू तर कॉन्व्हेंटची. तूच समजाव यायले."

लोक हसतील म्हणून मी आजवर वऱ्हाडीत कधी बोलले नव्हते.

"वाचा ना काका," मी म्हणाले, "आमी ऐकून राह्यलो."