नळापर्यंत कांदळ होतं

विक्रोळी पूर्वेला, हायवे ओलांडून वसाहत संपेपर्यंत चालत गेलं की खाडीकाठचं कांदळवन लागतं. नलिनीचं अर्धं आयुष्य त्याच्या चिखलात गेलं. गिरणी बंद पडल्यावर तिचे वडील परळ सोडून इथे राहायला आले. गावची सवय सुटेना, म्हणून ते तिला घेऊन कांदळात चिंबोऱ्या धरायला जायचे. वडील गेले, तिचं लग्न झालं, मुलं मोठी झाली, पण तिचं खाडीकडे जाणं थांबलं नाही. आता ती दर रविवारी चार बायकांना घेऊन मुळांत अडकलेलं प्लास्टिक काढायची. तिचा नवरा गुणाजी मालवणचा. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "गो, त्या चिखलात तुजा काय हरावला हा?"

प्लास्टिक निघत होतं, पण राडारोड्याचे ट्रक थांबत नव्हते. पाडलेल्या इमारतींची माती झाडांवर आणून ओतायची आणि जमीन सपाट करायची, असा धंदाच चालला होता. नलिनीने फोटो काढले, तक्रारी केल्या. प्रत्येक साहेबाने तिला पुढच्या साहेबाकडे पाठवलं.

या कामात तिला संघमित्रा भेटली. कांदळाच्या कडेला झोपड्यांची एक रांग होती, तिथे ती राहायची. हिंगोलीकडच्या तिच्या गावात माणशी हंडाभर पाणीही टँकरने येऊ लागलं, तेव्हा ती आणि तिचा नवरा कुंडलिक मुंबईत आले. ती साकीनाक्याला बटणांच्या कारखान्यात कामाला लागली. रांगेत कुणी झारखंडचं होतं, कुणी बंगालातल्या मालद्याचं, आणि वसाहतीतले लोक सगळ्यांना मिळून 'बाहेरचे' म्हणत. संघमित्राने घरोघर फिरून एकेकाचं नाव मतदार यादीत घातलं. निवडणुकीच्या तोंडावर साड्या वाटायला आलेल्या पोरांना ती दारातूनच परत पाठवायची.

दोघींची जोडी जमली. रविवारी संघमित्राही चिखलात उतरायची आणि चिडवायची, "तुझी झाडं मत देत नाहीत ना, म्हणून तुझं कोण ऐकत नाही."

"तुझी माणसं देतात की. त्यांचं तरी कोण ऐकतं गं?"

ट्रकविरुद्धची शेवटची तक्रार दोघींच्या सह्यांनी गेली, आणि चक्क पाहणीला सरकारी माणसं आली. कामाचा दिवस होता, संघमित्रा कारखान्यात होती. साहेब तरुण होते, नम्र होते. नलिनीला त्यांनी मॅडम म्हटलं, पाण्याची बाटली देऊ केली आणि विचारलं, पूर्वी हे रान कुठपर्यंत होतं?

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. नलिनीचा बांध फुटला. वडील, गळ, चिंबोऱ्या, भरतीला गुडघ्यापर्यंत चढणारं पाणी, सगळं सांगून झालं. मग तिने हात लांब केला. "तो वसाहतीच्या कडेचा नळ दिसतो ना, तिथपर्यंत कांदळ होतं. आम्ही तिथूनच आत शिरायचो."

साहेबांनी लिहून घेतलं, तिची सही घेतली. बरोबरच्या माणसाने नळाच्या कट्ट्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. त्या आनंदात ती घरी आली आणि गुणाजीला म्हणाली, शेवटी कुणीतरी ऐकलं.

नळ आणि खाडी यांच्या मधेच झोपड्यांची रांग होती. बोट दाखवताना तिला झाडं दिसत होती, आज तिथे नसलेली.

थोड्याच दिवसांत झोपड्यांच्या दारांवर नोटिसा लागल्या: जागा कांदळवनाची आहे, खाली करा. नलिनी धावत साहेबांकडे गेली. माझी चूक झाली, म्हणाली, मी लहान होते, मला नीट आठवत नाही. साहेबांनी तिला बसायला सांगितलं. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, मग त्या दिवशी खोटं सांगितलंत का?"

तिला हो म्हणायचं होतं. म्हणवेना, कारण तिने सांगितलं होतं ते खरं होतं. ट्रकचं काय झालं, हे तिने विचारलं. ते प्रकरण वेगळं आहे, असं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी ती संघमित्राच्या झोपडीत गेली आणि सगळं सांगितलं. कुंडलिकने सवयीने चहा टाकला होता, तो उतू गेला. संघमित्राने उठून स्टोव्ह बंद केला.

"मला कामावरून बोलावून घ्यायचंस ना. अर्ध्या दिवसाचा खाडा केला असता मी."

"सुचलं नाही गं मला."

"तेच तर," संघमित्रा म्हणाली. "तुला आम्ही सुचलो नाही."

पाडायला आले त्या दिवशी नलिनी बुलडोझरसमोर जाऊन बसली. महिला पोलिसांनी तिला काकी, काकी करत बखोटीला धरून बाजूला नेलं. दुपारपर्यंत रांग आडवी झाली. मालद्याची माणसं कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. संघमित्रा माहुलला नातेवाइकांकडे गेली. नलिनीचे फोन ती घ्यायची, बोलायची थोडंच. बरं आहे, म्हणायची. इथल्या कारखान्यांच्या वासाने डोकं उठतं, एवढंच एकदा म्हणाली.

महापालिकेच्या निवडणुकीला नलिनी सकाळपासून मतदान केंद्राबाहेर उभी राहिली. झोपड्यांतल्या लोकांची नावं अजून इथेच होती. ऊन चढलं, तरी रांगेत एकही ओळखीचा चेहरा नव्हता. दुपारनंतर कुंडलिक आणि संघमित्रा आले, दोघंच. संघमित्राने घरोघर फिरून घातलेल्या नावांपैकी त्या दिवशी मत पडलं ते फक्त या दोघांचं.

बाहेर आल्यावर नलिनीने डबा पुढे केला. घावणे होते. संघमित्राने तो नाकारला नाही. झाकण न उघडता पिशवीत ठेवला.

"ट्रक बंद झाले का गं?"

"नाही," नलिनी म्हणाली. "आता नळापर्यंत येतात. मोकळी जागा झाली ना."

संघमित्राने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि नलिनीला तेच सोसेना. ती रागावली असती तर पाया पडता आलं असतं. कुंडलिक म्हणाला, चला, परतीची बस मिळायला वेळ लागतो. दोघं स्टॉपकडे निघाली. नलिनी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली. रविवारी ये, असं म्हणायची सवय होती, ते तोंडाशी आलं, आणि तिने ते गिळलं.

त्या रविवारी बाकीच्या बायका खाली येऊन हाका मारत राहिल्या. गुणाजीने गॅलरीतून सांगितलं, तिला बरं नाही. आत नलिनी चादर ओढून पडली होती. चिखलात काय हरवलं, हे त्याने तिला परत कधी विचारलं नाही.