आत्याची कळलावी

शाळेत मी दुसरा तास घेत होते तेव्हा फोन आला. "शांताबाई गेल्या." छातीत दुखलं आणि पाणी आणेपर्यंत संपलं... महिना होत आला आता. शांता माझी आत्या. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि ती पदवी मी सातपूरला तिच्या दोन खोल्यांत राहून घेतली, हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. त्या घरात मार होता, तेही सांगते. आत्याचे यजमान, आमचे मामा, कारखान्यात प्रेसवर होते. पट्टा, लाटणं, एकदा कुकरचं झाकण. तिच्या भुवईवरची खूण त्या झाकणाची. पोलिसांत गेली, तर घरातलं घरात मिटवा म्हणून परत पाठवली.

दिंडोरीकडच्या आमच्या गावच्या बांधावरून तिनं कळलावीच्या शेंगा आणल्या. आतलं लालभडक बी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. पहिल्या पावसाळ्यात गवतासारखी पानं आली, दिवाळीनंतर वाळली. मी म्हटलं, मेलं. "मेलं नाय गं, खाली कांदा धरतंय," ती म्हणाली, आणि कोरड्या मातीचे ते डबे वर्षभर सांभाळले. कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडे मानतात. शेजारीण तोंडावर म्हणाली, "उपटून टाका ती. म्हणून तर मार बसतोय तुम्हाला."

"मार लग्नापासून बसतोय ताई. हे तर आत्ता उगवलं."

तिसऱ्या पावसाळ्यात वेल खिडकीच्या गजांवर चढली, पहिली कळी धरली. त्याच आठवड्यात मामा पिऊन आले आणि नळाच्या पाइपनं डबे फोडायला लागले. आत्या आडवी गेली, तर पाइप तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले, तर मला भिंतीवर आपटलं. फरशीभर माती, आणि त्यात पांढरे कंद उघडे पडलेले. हा कंद जहरी असतो, गावात शेंबडी पोरंही जाणतात.

आत्यानं डाव्या हातानं एक कंद उचलून धुतला. मामांचं ताट वाढलं, भाकरीशेजारी कंद ठेवला.

"हा दिसला तुम्हाला. बाकीचे कशात कालवीन ते नाय दिसायचं. आता मारा... मग जेवा."

मामा ताटाकडे बघत राहिले. पाइप हातातून गळला. त्यानंतर त्यांनी तिच्यावर हात उचलला नाही. मी लवकरच पदवी घेऊन तिथून बाहेर पडले, मग ते दोघं कसे राहिले ते मी कधी विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर मीच मामांना जेवायला वाढलं. ते हात न लावता बसून होते. म्हटलं, दोन घास खा. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"ती आधी खायची यातलं," ते म्हणाले. "रोज. मग मी."

मी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवून तोंडात घातला आणि सावकाश चावला. खूप सावकाश. मामा माझ्या गळ्याकडे बघत होते.