हुकमाचा आवाज
जुनी कादंबरी उघडली की आत कसर लागू नये म्हणून घातलेल्या वाळक्या कडुलिंबाचा कडवट वास येतो, आणि मला जिंतूरची ती उन्हाळी दुपार आठवते. निजामाचं राज्य होतं. मी तहसील कचेरीत लोकांना हुकूम वाचून दाखवायचो. जप्तीचा असो की सुटकेचा, आवाज एकच. बायको महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तिची धाकटी बहीण तिला रोज ही कादंबरी वाचून दाखवायची. सासूचं बोलणं ती खर्जात वाचायची, सुनेचं रडणं वाचताना तिचाच गळा भरून यायचा, आणि बायको ताप विसरून उशीला टेकून बसायची. मग बहीण आपल्या सासरी गंगाखेडला गेली आणि पुस्तक माझ्या हातात आलं. वाळ्याच्या ओल्या पडद्याआड मी पानामागून पान वाचत होतो. मधेच बायकोनं विचारलं, "ती सून कुठं गेली? मघापासून बोलली नाही." मी म्हणालो, "ती वारली की. दोन पानं झाली." "तुमी हुकूम वाचायलात," ती हळूच म्हणाली. "तुमच्या तोंडून कुणी मेलेलं कळतच नाही बघा." त्यानंतर आठव्या दिवशी बायको गेली. तिची विचारपूस करायला ओसरीवर जमलेल्या माणसांना मी सांगितलं, तर कुणी जागचं हललं नाही. एकानं तर माझ्यापुढं पानाचा डबा सरकवला. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. आता घरात कुणी नसलं की कादंबरीतली सुनेच्या मरणाची ती पानं मी मोठ्यानं वाचून बघतो. अजून जमलेलं नाही.